१०.६४ : खाली जाऊन वर आलेला पिचर (रॉय हॅलडे)

गारठलेला पुणेकर

मुलगा तेरा वर्षांचा आहे. तीन वर्षं इथल्या एका बेसबॉल टीमकडून पिचिंग (आपल्याकडची बोलिंग) करतोय. यंदा मे महिन्यापासून त्याचा चेंडू कुठे जाईल ते त्याला ठाऊक नसतं, कॅचरला (फलंदाजामागे बसून झेलणाऱ्याला) तर त्याहून नसतं. एका शनिवारी त्याने लागोपाठ चौघांना फुकट बेसवर पाठवलं आणि पाचव्याच्या बरगडीत हाणला. पुढच्या आठवड्यात कोचचा निरोप आला : उरलेला सीझन 'बी' टीममध्ये. घरी येताना गाडीत अवाक्षर नाही. ग्लोव्ह डिकीत, टोपी डिकीत, तोंड खिडकीकडे.

मी म्हटलं, अरे, हॅलडेलासुद्धा असंच खाली पाठवलं होतं. तर म्हणतो, "कोण हॅलडे?"

टोरांटोत जन्मलेलं पोर हे विचारतं! गाडीत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. बेसबॉल न कळणाऱ्यांनी पळून जाऊ नये, लागेल तिथे फोड करत जाईन.

रॉय हॅलडे कोलोराडोचा. सहा फूट सहा इंच, उजवा हात. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत) टोरांटो ब्लू जेजने पहिल्याच फेरीत, सतराव्या क्रमांकावर उचलला. सप्टेंबर १९९८ मध्ये मोठ्या लीगमध्ये आला. त्याचा दुसराच सामना, २७ सप्टेंबर, सीझनचा शेवटचा दिवस, समोर डेट्रॉइट. शेवटच्या इनिंगमध्ये दोन बाद होईपर्यंत समोरच्यांना एकही हिट नाही (हिट म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं; सामनाभर एकही हिट दिला नाही तर तो नो-हिटर). म्हणजे २६ जण बाद झालेले, एक उरलेला. बदली फलंदाज बॉबी हिगिन्सन आला आणि त्याने चेंडू थेट कुंपणापार टोलवला, होमरन. टोरांटो २-१ ने जिंकलं, पण नो-हिटर गेला.

आता गंमत बघा. तो चेंडू ज्याने झेलला तो होता टोरांटोचाच जुना पिचर डेव्ह स्टीब, मैदानामागे बुलपेनमध्ये (पिचर हात गरम करतात त्या जागी) उभा होता. या स्टीबचे स्वतःचे नो-हिटर १९८८ मध्ये सलग दोन सामन्यांत नवव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना हुकले होते. त्याला अखेर १९९० मध्ये एक मिळाला. अख्ख्या स्टेडियममध्ये त्या पोराचं दुःख कळणारा एकच माणूस होता आणि चेंडू नेमका त्याच्याच हातात.

तर असा हा पोरगा. १९९९ ठीकठाक गेलं. आणि २००० मध्ये कोसळला. ६७ इनिंग आणि दोन बाद एवढ्यात १०७ हिट्स, १४ होमरन, ४२ वॉक. इआरए १०.६४. किमान ५० इनिंग टाकलेल्या पिचरांमध्ये इतका वाईट इआरए मोठ्या लीगच्या इतिहासात कुणाचाच नव्हता. वय २३.

२००१ च्या वसंतात सराव शिबिर संपता संपता सांगितलं गेलं : तू टोरांटोला येणार नाहीस. ट्रिपल-ए लाही नाही. डबल-ए लाही नाही. तू डनीडिनला, सिंगल-ए मध्ये.

(जेवण लागलंय. उरलेलं रात्री.)

खडूस काका

मराठी संस्थळावर बेसबॉल. आता कर्लिंगवर पण एक धागा येऊ द्या.

बाकी इआरए म्हणजे काय ते न सांगताच जेवायला गेलात. १०.६४ चांगलं की वाईट हे आम्ही तुमच्या रडक्या सुरावरून ओळखायचं का?

चौथी सीट

काका, नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर किती धावा लागतात तो आकडा. त्यात क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेल्या धावा धरत नाहीत. चार-साडेचार म्हणजे पोटापुरता. तीनच्या आत म्हणजे साहेब. दहाच्या वर म्हणजे घरी बायकोला तोंड दाखवणं अवघड.

आणि इथली इनिंग म्हणजे आपला डाव नव्हे, तीन बाद झाले की संपली. वॉक म्हणजे चार चेंडू पट्ट्याबाहेर (फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीबाहेर) टाकले की फलंदाज बॅट टाकून चालत पहिल्या बेसवर जातो. ६७ इनिंगमध्ये ४२ वॉक म्हणजे रस्त्यावर पाणपोई उघडल्यासारखं.

गोदाकाठ

सिंगल-ए, डबल-ए हे काय गौडबंगाल आहे? आपल्या रणजीसारखं?

गारठलेला पुणेकर

रणजीत प्रत्येक संघ स्वतंत्र. इथे तसं नाही. मोठ्या लीगच्या प्रत्येक संघाच्या हाताखाली खालचे संघ असतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. तळाशी रूकी लीग, मग सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि माडीवर मेजर लीग. खेळाडू करारबद्ध वरच्या संघाशी, खेळतो ते ठेवतील त्या पायरीवर. खालच्या पायऱ्यांवर पगार तुटपुंजा, प्रवास बसने, आणि प्रेक्षकांपेक्षा रिकाम्या खुर्च्या जास्त.

डनीडिन फ्लोरिडात, समुद्राकाठी. ब्लू जेजचं वसंतातलं शिबिर तिथेच भरतं. शिबिर संपलं की मोठे खेळाडू उत्तरेला उडून जातात आणि त्याच मैदानावर सिंगल-ए वाली पोरं उरतात. हॅलडेच्या बाबतीत ते किती झोंबलं असेल बघा. मैदान तेच, सोबतचे सगळे वर गेलेले, आणि हा तीन सीझन मोठ्या लीगची हवा खाऊन विशीच्या पोरांत मागे राहिलेला.

शिवाजी पार्क जिमखाना नव्हे

म्हणजे कसोटी खेळलेल्या बोलरला थेट कांगा लीगमध्ये पाठवल्यासारखं! ओल्या पिचवर, बुटात चिखल. पण एक सांगतो, कांगात मोठमोठी माणसं हौसेने खेळली आहेत. तिथे कुणी कुणाला 'पाठवत' नाही, हा फरक आहे. पाठवणं लागतं मनाला.

गारठलेला पुणेकर

बरोबर. आता खरी गोष्ट.

टोरांटोने त्याला मेल क्वीनच्या हाती दिलं. १९९६ ते ९९ क्वीन टोरांटोचा पिचिंग कोच होता, त्या काळात तिथल्या पिचरांनी साय यंग (वर्षातला सर्वोत्तम पिचर, हा त्यांचा मोठा मान) लागोपाठ तीन वर्षं आणला : १९९६ ला पॅट हेंटगन, ९७ आणि ९८ ला रॉजर क्लेमन्स. क्वीन स्वतः तरुणपणी आउटफिल्डर (लांबचा क्षेत्ररक्षक) होता, मग पिचर झाला, १९६७ मध्ये सिनसिनाटीकडून १४ सामने जिंकले. म्हणजे एकदा स्वतःलाच मोडून नव्याने जोडलेला माणूस.

हॅलडेची अडचण अशी. तो हात अगदी डोक्यावरून, सरळ उभा आणून टाकायचा. वेग जबरदस्त, पण चेंडू रेल्वेच्या रुळासारखा सरळ. मोठ्या लीगच्या फलंदाजाला नुसता वेग पुरत नाही. एकदा अंदाज आला की ते तुमचाच वेग वापरून चेंडू बाहेर काढतात. मार पडला की हा अजून जोर लावायचा, जोर लावला की चेंडू अजून सरळ आणि पट्ट्याबाहेर.

क्वीनने काय केलं? हाताचा कोन खाली आणला. घड्याळात बाराच्या ठिकाणी असलेला काटा साधारण दीडवर. पकड बदलली. सरळ फास्टबॉलच्या जागी सिंकर आणि कटर. सिंकर उजव्या फलंदाजाच्या अंगाकडे येत खाली बसतो, कटर शेवटच्या क्षणी बाहेर सरकतो. आपल्या भाषेत, एक बुडणारा इनस्विंगर आणि एक उशिरा निघणारा लेगकटर. दोन्ही हातातून सुटताना एकसारखेच दिसतात. फलंदाजाने ठरवावं तोवर उशीर झालेला असतो.

आणि क्वीन त्याला बोलला. गोड नाही बोलला. तू घाबरतोस, हे त्याने तोंडावर सांगितलं.

दुसरी गोष्ट घरात घडली. त्याची बायको ब्रँडी पुस्तकाच्या दुकानातून हार्वी डॉर्फमन नावाच्या क्रीडा-मानसतज्ज्ञाचं पिचरांसाठी लिहिलेलं पुस्तक घेऊन आली. हॅलडेने ते पुन्हापुन्हा वाचलं, नंतर थेट डॉर्फमनलाच गाठलं. त्यातलं त्याने उचललं ते एवढंच : हातातला हा चेंडू. मागचा नाही, पुढचा फलंदाज नाही, इआरए नाही.

डनीडिन, मग डबल-ए मध्ये टेनेसी, मग ट्रिपल-ए मध्ये सिरॅक्यूज, आणि जुलैत परत टोरांटो. एका उन्हाळ्यात तळापासून माडीपर्यंत. त्या वर्षी मोठ्या लीगमध्ये इआरए ३.१६. पुढच्या वर्षी १९ विजय. २००३ मध्ये २६६ इनिंग, २२ विजय आणि साय यंग.

मला सगळ्यात भारी वाटतो तो वॉकचा आकडा. २००० मध्ये ६७ इनिंगमध्ये ४२. २००३ मध्ये २६६ इनिंगमध्ये ३२.

मी इथे आलो २००२ च्या जानेवारीत. पडझड पाहिलीच नाही, ती ऑफिसातल्या लोकांकडून ऐकली. २००३ मध्ये स्कायडोमच्या सगळ्यात वरच्या, सगळ्यात स्वस्त खुर्चीवरून त्याला पाहिलं. खेळ कळत नव्हता. पण त्याच्या सामन्यात शेजारची बाई दर वेळी घड्याळ बघायची, कारण हा माणूस इतक्या झटपट उरकायचा की मेट्रो गाठायला धावावं लागत नसे.

पाथर्डी फाटा

भाऊ, एवढी टोरांटोची गोष्ट सांगितली, आमचा झहीर विसरले का? नगर जिल्ह्यातला, श्रीरामपूरचा. २००६ ला संघाबाहेर होता. लोक म्हणले संपला. गडी गेला इंग्लंडात वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला. एका सीझनमधी ७८ विकेट. एसेक्सच्या एका डावात तर एकट्याने ९! रनअप आखडता घेतला, नुसतं पळून जोर लावायचं सोडलं. डिसेंबरात जोहान्सबर्गला भारताकडून उभा होता.

पुढल्या वर्षी ट्रेंट ब्रिजला बॅटिंग करताना पिचवर जेलीच्या गोळ्या टाकल्या इंग्लंडच्या लोकांनी. मग काय, दुसऱ्या डावात पाच काढल्या आणि मॅच आपली.

चौथी सीट

+१ झहीर. मी हेच लिहायला आलो होतो.

एक फरक मात्र. झहीर आपण होऊन गेला, हॅलडेला धाडलं. झहीरला तिथे रोज दमून-भागून ओव्हर टाकाव्या लागल्या, त्यातच तो सुधारला. हॅलडेचं आधी सगळं सुटं केलं, मग जोडलं. एक भरपूर बोलिंग करून बरा झाला, दुसरा बोलिंग थांबवून.

उलटतपासणी

लेख छान, पण असल्या गोष्टी आपण शेवट माहीत असल्यामुळे सांगतो. त्याच वर्षी, २००१ मध्ये, खाली गेलेला दुसराही एक पोरगा होता.

रिक अँकिल. सेंट लुईस कार्डिनल्स, डावखुरा. २००० मध्ये वय अवघं २१, ११ विजय, इआरए ३.५०, १९४ बळी (म्हणजे स्ट्राइकआउट, चेंडू मारूच न देता पिचरने एकट्याने घेतलेले). हॅलडे रडत होता तेव्हा हा उगवता तारा. ऑक्टोबरमध्ये अटलांटाविरुद्ध प्लेऑफचा (सीझननंतरच्या बाद फेरीचा) पहिला सामना, तिसरी इनिंग. एकाएकी त्याला चेंडू टाकताच येईना. एका इनिंगमध्ये पाच वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरच्याही हाताबाहेर. हात चांगला, खांदा चांगला, दुखापत काही नाही.

२००१ मध्ये त्यालाही पायऱ्या उतरवल्या. ट्रिपल-ए मध्ये चार इनिंगच्या आसपास टाकल्या आणि १७ वॉक. मग अगदी तळाला, जॉन्सन सिटीला रूकी लीगमध्ये. तिथे काय केलं? ८७ इनिंगमध्ये १५८ बळी, इआरए १.३३. कागदावर बघाल तर हॅलडेहून झकास पुनरागमन. सगळे म्हणाले, बरा झाला.

झाला नव्हता. मग दुखापती, शस्त्रक्रिया. २००४ च्या शेवटी थोडे दिवस वर आला आणि मार्च २००५ मध्ये म्हणाला, मी आता पिचिंग करणार नाही.

म्हणून विचारतो, खालच्या लीगमधला आकडा नेमकं काय सांगतो? जॉन्सन सिटीच्या पोरांना बाद करणं म्हणजे बरं होणं नव्हे.

गारठलेला पुणेकर

उलटतपासणी, हे मुलाला सांगायचं की नाही याचा दोन दिवस विचार करतोय.

मला फरक असा दिसतो. हॅलडेकडे दुरुस्त करण्यासारखं काहीतरी होतं : कोन, पकड, बोटं. मन त्याच्या मागोमाग आलं. अँकिलच्या हातात मोडलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे दुरुस्त काय करणार? पण ते त्या वेळी बाहेरून कुणाला कळलं असतं का? दोघेही 'पट्ट्याबाहेर टाकतो' एवढंच दिसत होतं.

वाळूचा किल्ला

अँकिलची पुढची गोष्ट अर्धीच सोडलीत, हे बरं नव्हे! तो पिचिंग सोडून आउटफिल्डर झाला, पुन्हा तळापासून पायऱ्या चढला, ऑगस्ट २००७ मध्ये फलंदाज म्हणून मोठ्या लीगमध्ये परतला आणि पहिल्याच सामन्यात होमरन. ते वाचताना मी बसमध्ये रडले होते. स्टॉप चुकला.

उलटतपासणी

मुद्दा पिचर परतला का हा होता. पण होय, ते मलाही आवडतं.

हाडवैद्य (खरी फिजिओ)

धागाकर्त्यांना एक प्रश्न. मुलगा वर्षभरात वाढला का? तेराव्या-चौदाव्या वर्षी पोरं वर्षभरात तीन इंच वाढतात. हातपाय लांब होतात आणि मेंदूकडे नकाशा जुनाच असतो. चेंडू सोडण्याची वेळ जराशी चुकली की पलीकडे फूटभर फरक. 'फॉर्म गेला' म्हणून येणाऱ्या मुलांमध्ये मी हे खूप पाहते.

दुसरं, हॅलडेची नक्कल म्हणून हाताचा कोन घरी बदलायला जाऊ नका. तो तेवीसचा होता, हाडं पक्की झालेली, बाजूला क्वीनसारखा माणूस रोज उभा. या वयात कोपराजवळची वाढीची पट्टी कच्ची असते. अमेरिकेत १३-१४ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू अशी शिफारस आहे, मधल्या विश्रांतीचे दिवस वेगळे. अंगणात टाकलेलेही मोजा. आईबाप ते धरत नाहीत.

गारठलेला पुणेकर

अडीच इंच! दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची खूण आत्ता जाऊन बघितली. हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि हो, अंगणातले मी धरत नव्हतो.

खडूस काका

बघा, फिजिओबाईंनी एका परिच्छेदात केस सोडवली. हॅलडेची गरजच नव्हती.

(वाचतोय. चालू ठेवा.)

तापीची तुफान

जळगाव जिल्ह्यात शाळेत असताना मी सॉफ्टबॉल खेळलेय, पिचर होते. आमचं खालून हात फिरवून टाकायचं, पण वॉक दिल्यावर पोटात जो खड्डा पडतो तो सारखाच. नववीत असताना सरांनी मला पिचिंगवरून काढून उजव्या टोकाला उभं केलं, जिथे चेंडू येतच नाही. महिनाभर तिथे गवत उपटत उभी होते. कुणी बघत नव्हतं. तिथेच भिंतीवर टाकून टाकून हात परत आला. सरांनी मुद्दाम केलं की वैतागून, आजवर माहीत नाही.

चेंडूवरची शिवण कशी असते हो? आमचा सॉफ्टबॉल मोठा, हात पुरायचा नाही.

गारठलेला पुणेकर

लाल दोरा, १०८ दुहेरी टाके, घोड्याच्या नालासारखे वळणारे. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरा हलका. शिवणीच्या दोन रेषा जिथे जवळ येतात तिथे त्यांच्यावर दोन बोटं ठेवली की सिंकरची पकड. बोटं किंचित बाजूला सरकवली की कटर. हॅलडेने २००८ च्या ऑल-स्टार सामन्याच्या वेळी न्यूयॉर्क यांकीजच्या मारियानो रिव्हेराला, म्हणजे कटरच्या बादशहाला, पकड विचारली. त्याने दाखवली. हॅलडेने ती चेंडूवर आखून ठेवली. पुढे म्हणे यांकीजच्या पोरांनी शत्रूला गुपित दिलं म्हणून रिव्हेराला गमतीत दंड ठोकला.

गोदाकाठ

आपल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेलचं काय झालं? ते पण पिचरच ना?

चौथी सीट

हो, उत्तर प्रदेशची भालाफेकू पोरं. २००८ मध्ये वेगाने चेंडू फेकायच्या टीव्ही स्पर्धेतून निवडली गेली, पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केली, फ्लोरिडात रूकी लीगपासून सुरुवात. दिनेश लवकर परतला, रिंकू बरीच वर्षं टिकला. मोठ्या लीगपर्यंत दोघंही नाही पोचले. रिंकू पुढे कुस्तीच्या टीव्ही शोमध्ये वीर महान झाला, ते सगळ्यांनी पाहिलंच असेल.

वाळूचा किल्ला

हॅलडे आता काय करतो? कोच झाला का?

गारठलेला पुणेकर

हे लिहायचं टाळत होतो.

२००९ च्या अखेरीस तो फिलाडेल्फियाला गेला. २०१० च्या मे मध्ये परफेक्ट गेम, म्हणजे २७ जण आले, २७ बाद. ऑक्टोबरमध्ये सिनसिनाटीविरुद्ध त्याचा पहिलाच प्लेऑफ सामना, तिथे नो-हिटर. १९५६ नंतर प्लेऑफमध्ये कुणी केला नव्हता. १९९८ चा तो एक उरलेला माणूस बारा वर्षांनी बाद झाला म्हणा. त्या वर्षी दुसरा साय यंग. पुढे पाठ आणि खांद्याने दगा दिला, २०१३ च्या डिसेंबरमध्ये एका दिवसाचा करार करून टोरांटोचा खेळाडू म्हणूनच निवृत्त झाला.

७ नोव्हेंबर २०१७ ला स्वतः चालवत असलेलं छोटं विमान फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ पाण्यात कोसळलं. चाळीस वर्षांचा होता. डनीडिनहून ती जागा फार लांब नाही. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याच्या वतीने ब्रँडी बोलली. तपासात त्याच्या शरीरात बरीच औषधं सापडली होती. दुखण्यावरच्या गोळ्यांशी त्याचं झगडणं घरच्यांनी नंतर उघड सांगितलं आहे.

मुलाला हे अजून सांगितलेलं नाही. त्याने विचारलं नाही.

उलटतपासणी

सांगा. आत्ताच नको, पण सांगा.

हाडवैद्य (खरी फिजिओ)

अनुमोदन.

पाथर्डी फाटा

आणि बी टीमची मॅच कधीये? स्कोर टाका.

गारठलेला पुणेकर

झाली शनिवारी. दोन इनिंग टाकल्या. तीन वॉक, दोन बळी, एक होमरन खाल्ला, तोही चांगला लांब. परतताना ग्लोव्ह डिकीत नव्हता, मांडीवर होता. बोटं शिवणीवर ठेवून बघत होता, सरकवत होता. मध्येच म्हणाला, "बाबा, त्या माणसाचा हात नक्की किती वाजता असायचा?" फिजिओबाईंची ताकीद आठवून म्हटलं, ते तू अठराचा झालास की सांगतो.

संध्याकाळी अंगणात वीस चेंडू, मोजून वीस. कॅचर मी. एकोणिसावा ग्लोव्हच्या जाळीत बसायच्या ऐवजी थेट तळव्यावर बसला.

तापीची तुफान

पकडीचा फोटो टाका ना!

गारठलेला पुणेकर

उद्या टाकतो. आत्ता एका हाताने टाइप करतोय, दुसऱ्यावर मटारचं थंडगार पाकीट आहे.